वृत्तपत्राचा राजकीय कल कसा ठरवावा आणि त्यावरचे मतभेद कसे हाताळावेत

एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेच्या खात्यावर ‘सरकारशी संलग्न माध्यम’ असा शिक्का मारला. तोवर हा शिक्का प्रामुख्याने रशिया आणि चीनच्या सरकारी वृत्तसंस्थांसाठी वापरला जात असे. संस्थेने आक्षेप घेतल्यावर शब्द बदलून ‘सरकारी निधीवर चालणारे माध्यम’ असे करण्यात आले; परंतु आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात केंद्र सरकारकडून थेट येणारा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, असे सांगून एनपीआरने त्या व्यासपीठावर लिहिणेच थांबवले. बीबीसीनेही अशाच शिक्क्याला हरकत घेतली आणि तिच्या बाबतीत तो ‘सार्वजनिक निधीवर चालणारे’ असा सौम्य करण्यात आला. अखेर त्याच महिन्यात ट्विटरने असे सगळेच शिक्के काढून टाकले. या प्रकरणात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबले गेले होते: पैसा कोणाचा, मजकुरावर नियंत्रण कोणाचे आणि बातम्यांचा कल कोणत्या बाजूला. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात, हे लक्षात न घेतल्यामुळे वाद चिघळला.

आपल्याकडे वाचनालयाच्या टेबलावर, वृत्तविद्येच्या वर्गात किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात ‘हे दैनिक अमक्या पक्षाचे’ यावरून जे वाद होतात, तेही बहुतेक वेळा याच गुंत्यातून निर्माण होतात. पुढील पद्धत वाचकगट, विद्यार्थी, शिक्षक आणि माध्यमांविषयी गांभीर्याने लिहू इच्छिणारे यांच्यासाठी आहे. तिच्या मुळाशी एकच भूमिका आहे: राजकीय कलाचे लेबल हा एक दावा असतो, आणि कोणत्याही दाव्याप्रमाणे त्याला विषय, मोजपट्टी, काळ आणि पुरावा असावा लागतो. यांपैकी एक जरी गोष्ट सांगितलेली नसेल, तर ते लेबल खरे की खोटे हे तपासताच येत नाही.

पायरी पहिली: नेमक्या कोणत्या गोष्टीला लेबल लावायचे ते लिहून काढा

‘वृत्तपत्र’ ही एकसंध वस्तू नसते. अग्रलेख संपादक मंडळाची भूमिका मांडतो, स्तंभलेख ही त्या त्या लेखकाची स्वतःची मते असतात, आणि बातम्यांची निवड व मांडणी वृत्तसंपादकाच्या टेबलावर ठरते. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे अग्रलेखाचे पान उघडपणे पुराणमतवादी आहे, तर त्याच्या बातम्यांचा विभाग त्यापासून वेगळा चालतो, म्हणूनच ऑलसाइड्स ही मूल्यांकन संस्था त्या दैनिकाच्या बातम्यांना आणि मतांच्या पानांना दोन स्वतंत्र श्रेणी देते. मराठीत याच्या जोडीला आवृत्त्यांचा प्रश्न येतो. मुंबईच्या मुख्य अंकाची निवड आणि एखाद्या जिल्हा पुरवणीतील बातम्या यांच्यात मोठे अंतर असू शकते, कारण पुरवणीत स्थानिक आमदार, जिल्हा बँक, साखर कारखाना आणि स्थानिक जाहिरातदार यांचे वजन अधिक असते. संकेतस्थळाचे मथळे पुन्हा निराळ्या गरजेतून लिहिले जातात. तेव्हा आपण मुद्रित अंकाबद्दल बोलतो आहोत की संकेतस्थळाबद्दल, कोणत्या आवृत्तीबद्दल, कोणत्या पानाबद्दल आणि कोणत्या महिन्यांबद्दल, हे वहीत पहिल्याच ओळीत नोंदवा. निम्मे वाद इथेच संपतात, कारण एक जण अग्रलेखाबद्दल आणि दुसरा पहिल्या पानाबद्दल बोलत होता, असे दिसून येते.

पायरी दुसरी: मोजपट्टी ठरवा, आणि ती एकापेक्षा अधिक असू द्या

या पायरीवर मी सर्वांत अधिक वेळ देण्याचा आग्रह धरतो, कारण ‘डावे–मध्यम–उजवे’ ही एकच रेघ बाहेरून उचलून मराठी पत्रकारितेवर ठेवली की ती पहिल्याच उदाहरणाला अपुरी पडते. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला आणि गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक होते. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या मतभेदातून आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. टिळकांचा ‘केसरी’ परकीय सत्तेविरुद्ध जहाल होता, परंतु मुलींच्या शरीरसंबंधासाठीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला त्याने विरोध केला. ‘सुधारक’ने त्याच विधेयकाची बाजू उचलून धरली. ‘केसरी’ला एकच शब्द लावायचा तर कोणता लावणार? सरकारविरोधाच्या पट्टीवर तो एका टोकाला बसतो आणि समाजसुधारणेच्या पट्टीवर दुसऱ्या टोकाकडे झुकतो. याच काळात, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधक विचारांचा ‘दीनबंधु’ सुरू केला होता, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ आला. ही पत्रे ज्या प्रश्नावर उभी होती, तो जातीचा प्रश्न ‘डावे–उजवे’ या रेघेवर कुठेच धड बसत नाही. आजही एखादे दैनिक आर्थिक धोरणात खुल्या बाजाराचे, सामाजिक प्रश्नांत उदारमतवादी आणि आरक्षणाच्या वादात मौन बाळगणारे असू शकते, आणि ते मौन हाही कलाचाच भाग असतो.

गोव्याचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मुक्तीनंतर गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘गोमन्तक’चा ओढा विलीनीकरणाकडे होता, तर त्यानंतर सुरू झालेला ‘राष्ट्रमत’ विलीनीकरणाच्या विरोधात उभा राहिला; त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या प्रचाराचा ठळक भाग होते. दोन्ही दैनिके मराठीच होती. त्या काळातील गोव्याच्या वृत्तपत्रांचा राजकीय कल सांगायचा तर विलीनीकरण ही पहिली मोजपट्टी ठरते, आणि तिच्यावाचून लावलेले कोणतेही लेबल वाचकाची दिशाभूल करते.

मोजपट्टी काळाबरोबर हलतेही. ‘सामना’ हे २३ जानेवारी १९८८ रोजी सुरू झालेले शिवसेनेचे मुखपत्र, म्हणजे त्याच्या पक्षनिष्ठेबद्दल वादाला जागाच नाही. तरीही पक्ष भाजपचा मित्र असताना लिहिलेले त्याचे वर्णन नोव्हेंबर २०१९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार आल्यानंतर जसेच्या तसे वापरता येत नाही. भाजपबरोबर युतीत असतानाही त्याच्या अग्रलेखांतून भाजपवर टीका होत असे, हेही विसरू नये. उघड मुखपत्राच्या बाबतीत जर तारीख लिहावी लागते, तर इतरांच्या बाबतीत ती टाळण्याचे काहीच कारण नाही.

व्यवहारात तीन किंवा चार पट्ट्या पुरतात: राज्यातील सत्ताधाऱ्यांविषयीची भूमिका, केंद्रातील सत्ताधाऱ्यांविषयीची भूमिका, आर्थिक धोरण, आणि जात व धर्म यांच्याशी संबंधित प्रश्न. राज्यात आणि केंद्रात वेगवेगळे पक्ष सत्तेवर असतात तेव्हा पहिल्या दोन पट्ट्या वेगळ्या ठेवल्याचा फायदा लगेच दिसतो.

पायरी तिसरी: मालकी आणि पैसा तपासा, पण निष्कर्ष तिथेच काढू नका

अंकाच्या शेवटच्या किंवा आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात, आणि मार्च २०२४ मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंतच्या अंकांत संपादकाच्या नावापुढे पीआरबी कायद्यानुसार (१८६७ चा मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायदा) बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्यांची असल्याची तळटीप बहुधा दिसते. या ओळीत कधी कोणते नाव बदलले याची नोंद ठेवणे उपयोगी पडते. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यानंतर ‘सामना’च्या संपादकपदी १ मार्च २०२० पासून रश्मी ठाकरे यांचे नाव आले, तो बदल याच ओळीत वाचता येत होता. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ हे मालकीचे निवेदन छापले जात असे, आणि त्यात एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक वाटा असणाऱ्यांची नावे असत. वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली असतील, तर मार्चचे पहिले काही अंक काढून हे निवेदन शोधा.

महाराष्ट्रात राजकारणातील कुटुंबे आणि वृत्तसमूह यांचे नाते उघड आहे. ‘लोकमत’ समूह दर्डा कुटुंबाचा आणि त्या कुटुंबाचा काँग्रेसशी जुना संबंध; डॉ. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला ‘सकाळ’ पुढे शरद पवार यांचे बंधू प्रतापराव पवार यांच्याकडे आला. ही माहिती महत्त्वाची आहे, कारण कुठे अधिक बारकाईने पाहायचे ते ती सांगते. मात्र तिच्यावरून थेट लेबल लावणे चूक आहे. मॅथ्यू गेंट्झकॉ आणि जेसी शपीरो यांनी अमेरिकी दैनिकांचा जो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मालक कोण यापेक्षा वाचकवर्ग कोणत्या विचारांचा आहे, याचा भाषेच्या कलाशी संबंध कितीतरी अधिक आढळला. तो निष्कर्ष आपल्याकडे तसाच लागू पडेल असे नाही, कारण येथे सरकारी जाहिरातींचे वजन मोठे आहे. पण ‘मालक अमुक म्हणून बातमी अमुक’ हे गृहीत धरण्याआधी थांबायला तो भाग पाडतो.

पैशामुळे होणारी विकृती आणि राजकीय कल यांतही फरक करावा लागतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून उघड केले, आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या प्रश्नावर भारतीय प्रेस कौन्सिललाही उपसमिती नेमावी लागली. असा मजकूर नमुन्यात मिसळला तर वृत्तपत्र त्या पक्षाच्या बाजूचे दिसेल, पण प्रत्यक्षात तो विकलेल्या जागेचा पुरावा असेल. निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यांतील अतिप्रशंसक, बिनटीकेचा आणि बातमीदाराच्या नावावाचून आलेला मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवा.

पायरी चौथी: नमुना असा घ्या की कोणी ‘वेचून काढले’ असे म्हणू शकणार नाही

आठवणीतले मथळे हा पुरावा नव्हे. आपल्याला खटकलेले मथळेच लक्षात राहतात. आशय-विश्लेषणात ‘रचलेला आठवडा’ ही रूढ पद्धत आहे: तीन महिन्यांच्या काळातून एक सोमवार, दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार अशा तारखा चिठ्ठ्या टाकून काढायच्या. यामुळे एखाद्या मोठ्या घटनेचा आठवडाच्या आठवडा नमुन्यात येत नाही आणि रविवारच्या पुरवण्यांचे प्रमाणही योग्य राहते. तारखा अंक उघडण्यापूर्वी ठरवा आणि गटातील सर्वांच्या सह्या घ्या.

याच्या जोडीला समांतर घटनांच्या जोड्या घ्या. सत्ताधारी नेत्यावर झालेला आर्थिक गैरव्यवहाराचा आरोप आणि विरोधी नेत्यावर झालेला तशाच वजनाचा आरोप, एका पक्षाची शिवाजी पार्कवरची सभा आणि दुसऱ्या पक्षाची तेवढीच मोठी सभा, अशा जोड्यांत बातमी कोणत्या पानावर आली, घडीच्या वर की खाली, किती कॉलम, छायाचित्रासह की नाही, आरोप झालेल्याचा खुलासा बातमीच्या सुरुवातीला होता की शेवटच्या परिच्छेदात, हे मोजा. जोडी पूर्ण जुळणारी क्वचितच मिळते. तरीही दहा अर्धवट जुळणाऱ्या जोड्या एका ठसठशीत उदाहरणापेक्षा अधिक सांगतात.

पायरी पाचवी: शब्द वाचा, आणि ते कोणाच्या तोंडचे आहेत ते पाहा

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतला आणि तेथून गुवाहाटीला गेले, त्या दिवसांचे अंक अभ्यासासाठी उत्तम आहेत. एकाच घटनेला ‘बंड’, ‘उठाव’, ‘फूट’ आणि ‘गद्दारी’ असे चार शब्द वापरात होते. शिंदे यांच्या बाजूचे लोक ‘उठाव’ म्हणत, ठाकरे यांच्या बाजूचे ‘गद्दारी’ म्हणत, आणि ‘बंड’ व ‘फूट’ हे वार्ताहरांच्या रोजच्या वापरातले शब्द होते. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि चिन्ह शिंदे यांच्याकडे दिल्यावर ‘शिंदे गट’ हा उल्लेख कोणी कधी सोडला, हीसुद्धा नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

परंतु शब्द दिसला म्हणून गुण देऊ नका. समजा मथळा आहे: ‘गद्दारांना जनता धडा शिकवेल: ठाकरे’. येथे शब्द नेत्याचा आहे आणि त्याचे नावही दिले आहे. आता समजा मथळा आहे: गद्दारांच्या गोटात अस्वस्थता. अवतरणचिन्ह नाही, वक्ता नाही; शब्द वृत्तपत्राने स्वतःच्या तोंडी घेतला. दुसऱ्या मथळ्याला कलाच्या नोंदीत जागा आहे, पहिल्याला लगेच नाही. मात्र पहिल्या प्रकारचे मथळे सतत एकाच नेत्याच्या वाक्यांचे येत असतील आणि दुसऱ्या बाजूची तितकीच बोचरी वाक्ये आत एका कॉलमात जात असतील, तर निवडीतून कल दिसतो. हा फरक समजावून सांगण्यासाठी गटाबरोबर एक अंक प्रत्यक्ष उघडून, लाल पेनाने वक्त्याचे शब्द आणि निळ्या पेनाने वृत्तपत्राचे शब्द अधोरेखित करून घ्यावेत. पहिले पान संपेपर्यंत नवख्या वाचकालाही फरक कळू लागतो.

पायरी सहावी: दोन भिन्न मतांच्या वाचकांकडून स्वतंत्रपणे नोंदी करून घ्या

रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. १९८२ च्या बैरूतमधील हत्याकांडाविषयीचे तेच दूरचित्रवाणी वृत्तांकन इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक अशा दोन्ही गटांना दाखवले, तेव्हा प्रत्येक गटाला ते आपल्या बाजूविरुद्ध झुकलेले वाटले. याचा अर्थ असा की ‘मला हे दैनिक पक्षपाती वाटते’ हे विधान प्रामाणिक असूनही दैनिकापेक्षा वाचकाबद्दल अधिक सांगणारे असू शकते. ‘दोन्ही बाजू शिव्या देतात म्हणजे आम्ही निःपक्ष’ हा संपादकांचा आवडता युक्तिवादही याच कारणाने टिकत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकूर नाव झाकून वाचायला देणे. मराठी दैनिकांचे टंक आणि मांडणी ओळखू येत असल्यामुळे छायाप्रत पुरत नाही; मजकूर साध्या टंकात पुन्हा टाइप करा आणि वार्ताहराचे नाव व आवृत्तीचा उल्लेख काढा. दोन्ही वाचकांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक बातमीला ‘सत्ताधाऱ्यांना अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ अशी खूण करावी.

नंतर एकमत मोजा, पण केवळ टक्केवारीवर समाधान मानू नका. समजा १०० बातम्यांपैकी ७० बातम्यांवर दोघांची खूण जुळली, आणि दोघांनीही निम्म्या बातम्यांना ‘अनुकूल’ म्हटले होते. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सुमारे ५० जुळल्याच असत्या. म्हणजे योगायोगापलीकडे जुळण्याची शक्यता ५० बातम्यांत होती आणि प्रत्यक्षात २० जुळल्या. कोहेनचा कप्पा या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक येथे ०.४ येतो. एवढ्यावर लेबल लावू नये असे माझे मत आहे. निर्देशांक कमी आला तर वाचकांना दोष देण्याऐवजी सूचना सुधारा: ‘अनुकूल’ म्हणजे काय, सरकारी योजनेची कोरडी माहिती कोणत्या रकान्यात जाते, हे उदाहरणांसह लिहा, तिसरा ‘लागू नाही’ हा रकाना जोडा आणि नव्या बातम्यांवर पुन्हा मोजा.

तयार लेबले वापरायची असतील तर

परदेशी वृत्तसंस्थांबद्दल वाचताना ऑलसाइड्स, अॅड फॉन्टेस मीडिया आणि मीडिया बायस फॅक्ट चेक या अमेरिकी मूल्यांकन संस्थांची लेबले समोर येतात. ऑलसाइड्स डावीकडून उजवीकडे पाच श्रेणी देते आणि बातमीच्या अचूकतेचे मूल्यमापन करत नाही. अॅड फॉन्टेसच्या तक्त्यात आडवी रेघ कलाची आणि उभी विश्वासार्हतेची असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पक्के ध्यानात ठेवा. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१७ मध्ये ब्रिटनच्या ‘डेली मेल’ या दैनिकाचा संदर्भ म्हणून वापर जवळपास बंद केला, तो त्याच्या उजव्या कलामुळे नव्हे तर अविश्वसनीयतेच्या कारणावरून. कल असलेले वृत्तपत्र अचूक असू शकते, आणि ‘मध्यममार्गी’ म्हटले गेलेले वृत्तपत्र निष्काळजी असू शकते. त्यातही ही ‘मध्यम’ रेघ अमेरिकी राजकारणाची आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेबद्दलची जी भूमिका तिथे डावी ठरते, ती महाराष्ट्रात कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडेल.

आकड्यांनी आलेले लेबलही प्रश्न विचारूनच घ्यावे. टिम ग्रोसक्लोज आणि जेफ मिलियो यांनी २००५ मध्ये, कोणते माध्यम कोणत्या धोरण-संस्थांचे दाखले किती देते यावरून कल मोजला, तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ची बातम्यांची पाने त्यांच्या यादीत सर्वांत डावीकडे आली. दाखला देणे म्हणजे सहमत असणे नव्हे, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते. तरी त्यांनी पद्धत उघडपणे मांडली होती म्हणूनच ती टीका करता आली.

पायरी सातवी: लेबल वाक्यात लिहा आणि मतभेद त्यातच नोंदवा

एक विशेषण टाळून तपासता येईल असे वाक्य लिहा. नमुना असा: ‘जानेवारी ते मार्च या काळातील मुद्रित पुणे आवृत्तीच्या पहिल्या पानावर राज्य सरकारच्या निर्णयांच्या बहुतांश बातम्यांत विरोधकांची प्रतिक्रिया नव्हती, याच काळातील अग्रलेखांपैकी बहुसंख्य अग्रलेख सरकारच्या आर्थिक धोरणावर टीका करणारे होते, जातीच्या प्रश्नांवरील बातम्या नमुन्यात पुरेशा नसल्यामुळे त्याबद्दल विधान केलेले नाही.’ वाक्य लांबते, पण त्यावर आक्षेप घेणाऱ्याला नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते.

गटात एकमत होत नसेल तर बहुमताने लेबल ठरवू नका. आधी मतभेद कशावर आहे ते शोधा. नमुन्यावर असेल तर आणखी तारखा काढा. शब्दांच्या अर्थावर असेल तर सूचना सुधारा. मोजपट्टीवरच असेल, म्हणजे एकाला धर्मविषयक भूमिका निर्णायक वाटते आणि दुसऱ्याला आर्थिक, तर दोन्ही पट्ट्यांवरचे निष्कर्ष शेजारी शेजारी छापा. उरलेला मतभेद कोणी, कोणत्या कारणाने नोंदवला हे निष्कर्षाच्या खालीच, त्याच आकाराच्या अक्षरांत द्या. दुसऱ्या कोणाचे लेबल उद्धृत करत असाल तर ‘अमुक संस्थेच्या मते’ हे शब्द वगळू नका. प्रसिद्धीपूर्वी संबंधित संपादकांना निष्कर्ष आणि नमुन्याची यादी पाठवून उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या, आणि आलेले उत्तर संपूर्ण छापा.

लेबलावर तारीख घालताना त्याची मुदतही घाला. मला एक वर्ष योग्य वाटते. मुदतीआधी संपादक बदलला, मालकी बदलली किंवा राज्यातील सत्ता बदलली, तर जुने निष्कर्ष मागे घेऊन चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. सत्ताबदलानंतरचे पहिले तीन महिने विशेष काळजीने मोजा, कारण दैनिक एका पक्षाच्या बाजूने होते की जो सत्तेवर असेल त्याच्या बाजूने, हे त्या अंकांतूनच कळते.